नावे निराळी, काम एकच

प्रश्न : एखाद्या नव्या सजीवाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, वाचून झाल्यावर त्यातील जनुके कोणत्या चयापचय-मार्गात (पेशीतील रासायनिक क्रियांच्या साखळीत) काम करतात, हे प्रयोगाआधीच कसे सांगतात?

उत्तर : आधार असतो तो जनुकाच्या नावाचा नव्हे, तर त्यापासून बनणाऱ्या प्रथिनातील अमिनो आम्लांच्या क्रमाचा. क्योटो विद्यापीठात मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘केग’ या माहितीसंग्रहात निरनिराळ्या प्रजातींतील समकार्यी जनुकांच्या गटाला एक सामाईक क्रमांक दिलेला असतो. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणाऱ्या हेक्झोकायनेज या एन्झाइमचा (क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा) क्रमांक ‘के००८४४’ आहे. यीस्टचे ‘एचएक्सके२’ आणि माणसाचे ‘एचके१’ ही दोन्ही जनुके त्याखालीच येतात. नव्या जीनोममधील क्रम या गटाशी पुरेसा जुळला, की त्यालाही तोच क्रमांक मिळतो आणि ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोजच्या विघटनाच्या मार्गाच्या, नकाशावरील त्या एन्झाइमची चौकट रंगवली जाते.

जुळणारे जनुक न सापडल्याने रिकामी राहिलेली चौकट मात्र फार जपून वाचावी लागते. उंदरात क जीवनसत्त्व तयार होण्याची शेवटची पायरी गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे एन्झाइम पार पाडते. माणसात त्या जनुकाचे केवळ निकामी अवशेष उरले असल्याने तेथील उणीव खरी आहे. याउलट, ई. कोलाय या जिवाणूमध्ये ‘के००८४४’ सापडत नसले, तरी तेच काम निराळ्या गटातील ग्लुकोकायनेज करते. जीनोमच्या अपुऱ्या वाचनामुळेही चौकट रिकामी राहू शकते. म्हणून क्रमसाम्यावरून ठरवलेले कार्य हे अनुमानच मानावे आणि निदान कळीच्या एन्झाइमची क्रिया प्रयोगशाळेत पडताळून पाहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.