पोकर स्पर्धेत पत्ते चांगले येऊनही मी बक्षिसाच्या आधीच का बाद होतो?

तुम्ही लिहिलंय की तीन पत्तीत घरात तुम्हाला कुणी हरवत नाही, पण पोकरच्या स्पर्धेत सुरुवात चांगली होऊनही मधेच गाडी अडते. मीही सांगलीचाच, विश्रामबागेतला. आमचा काही मित्रांचा अड्डा आहे, पैसे न लावता नुसत्या चिप्सवर खेळतो, आणि तीन पत्तीतून आलेली मंडळी तिथे नेमकी अशीच बाद होतात. त्यामुळे दोष पत्त्यांचा नसावा असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, चिप्स मोजणं सोडा आणि आपल्याकडे किती बिग ब्लाइंड आहेत ते मोजा. (दर डावात पत्ते बघण्याआधी दोन खेळाडूंना आळीपाळीने ठरलेले चिप्स भरावे लागतात; लहान तो स्मॉल ब्लाइंड, मोठा तो बिग ब्लाइंड. स्पर्धेत हे आकडे वाढत जातात.) पावसाळ्यात आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आलं हे आपण विचारतो ते ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे माहीत असतं म्हणून. नुसत्या आकड्याला काय अर्थ? तसंच हे. तुमच्याकडे २०,००० चिप्स आहेत. ब्लाइंड १००/२०० असताना ते १०० बिग ब्लाइंड होतात, १०००/२००० झाल्यावर तेच फक्त १०. तुम्ही एकही डाव हरला नाहीत, तरी आता खेळ पार वेगळा झाला.

सुरुवातीला, ४०-५० च्या वर असताना, घाई नको. छोट्या जोड्या, एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते स्वस्तात बघता येतात; लागले तर मोठा डाव मिळतो, नाही लागले तर फारसं बिघडत नाही. २० च्या आसपास आलात की ही चैन बंद. दुसऱ्याने वाढवलेल्या डावात ‘बघू काय येतंय’ म्हणून शिरायचं नाही.

दहा-बाराच्या खाली गेलात की खरा प्रश्न सुरू होतो, आणि बहुतेक लोक इथेच मरतात, कारण ते चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. तेवढा वेळ कुणाकडे आहे? स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांचा अँटी (दर डावाला भरायचे ठरावीक चिप्स) म्हणून आणखी एक भरतो असं धरलं, तर टेबलाची एक फेरी तुमचे अडीच बिग ब्लाइंड खाते. दहा असतील तर चार फेऱ्यांत सगळं संपलं.

आता उलटं बघा. तुमच्या आधी सगळ्यांनी पत्ते टाकलेत, म्हणजे डाव सोडलाय, तुम्ही दहाचे दहा आत लोटलेत आणि उरलेल्यांनीही पत्ते टाकले, तर तेच अडीच तुम्हाला मिळतात. न खेळता पाव भाग वाढ. समजा बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच चिप्स लावून तो समोर आला, आणि तुमची जिंकण्याची शक्यता फक्त ३५ टक्के आहे, तरी निम्म्या वेळा सगळे पत्ते टाकत असतील तर हिशोब बरोबरीत सुटतो. म्हणून बटनवरून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरून, मागे दोनच खेळाडू उरलेले असताना, एक्का आणि एखादा बारका पत्ता घेऊनही ऑल-इन जाता येतं, म्हणजे सगळे चिप्स लावता येतात. तोच हात घेऊन दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करायला जाऊ नका. कॉल करणाऱ्याला समोरचा पत्ते टाकेल ही आशाच नसते, त्याला फक्त पत्त्यांवर जिंकावं लागतं. तीन पत्तीत आपल्याला ‘शो’ मागायची खोड असते, समोरच्याकडे काय होतं ते कळलंच पाहिजे. स्पर्धेत ही उत्सुकता फार महाग पडते. (जाता जाता: पोकरमध्ये रंग हा सीक्वेन्सच्या वर असतो, तीन पत्तीत उलटं. सवयीचे लोक अजून गोंधळतात.)

बक्षिसाच्या तोंडाशी तर गणित आणखी बदलतं. चार जण उरलेत, प्रत्येकाकडे सारखेच चिप्स, बक्षिसं तिघांनाच: १०० पैकी ५०, ३० आणि २०. प्रत्येकाचा वाटा आज सरासरी २५. कुणी तुमच्यावर ऑल-इन आला, तुम्ही कॉल करून जिंकलात, तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ५० होत नाही, साधारण ३८ होतो. हरलात तर शून्य. म्हणजे कॉल परवडायला ६५ टक्के शक्यता हवी. एक्का-राजा वेगवेगळ्या रंगांचे असतील तर ते अगदी कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्धही जेमतेम तेवढेच जिंकतात! समोरचा जरा निवडून खेळणारा असेल तर तो हात टाकावा लागतो. छातीवर दगड ठेवून टाका. आणि याच कारणाने ज्याच्याकडे ढीगभर चिप्स आहेत त्याने इथे मधल्या खेळाडूंवर दबाव आणायचा असतो. ते कॉल करायला घाबरतात.

सरावासाठी ऑनलाइन पैसे लावायचा विचार असेल तर सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद झालेत. चार-सहा मित्र जमवा, मोबाइलवर घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड वाढवा. ऑल-इन जाताना किंवा कॉल करताना आपल्याकडे किती बिग ब्लाइंड होते आणि आपण कुठे बसलो होतो, एवढंच कागदावर टिपा. सुरुवातीला फक्त कॉल तपासा. तुमचा घोळ तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे.