वायूकरण की वायुकरण?

नागपूरच्या एका वाचकांनी विचारलंय: 'दगडी कोळशाची पूड करून तिच्यापासून संश्लेषण वायू बनवणाऱ्या प्रायोगिक संयंत्रांवर लेख लिहितोय. मी "वायूकरण" लिहिलं, मुद्रितशोधकांनी "वायुकरण" केलं. समासात ऱ्हस्वच हवं म्हणाले. बरोबर कोण?'

तुम्ही. पण त्यांच्याशी भांडू नका, त्यांचा नियम खराच आहे. मराठीत सुटा 'वायू' दीर्घ. समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व: वायुदल, वायुमंडल. गोची एवढीच की 'वायूकरण' हा तसला समास नाही. जे जसं नव्हतं ते तसं केलं किंवा झालं, हे सांगायला संस्कृतात 'च्वि' नावाचा प्रत्यय आहे. भलताच मजेशीर: स्वतः पुरता गायब होतो, जाताना अलीकडच्या स्वराला हात लावून जातो. 'अ' असेल तर 'ई' होतो: द्रवीकरण, घनीकरण, भस्मीभूत. 'उ' असेल तर 'ऊ'. म्हणून लघुरूप, पण लघूकरण. तसंच वायुमंडल, पण वायूकरण.

अर्थानेही शब्द चपखल बसतो. आपल्याकडची जुनी कोळशाची सिगडी आठवा (पुण्याकडे शेगडी). निखारे लाल झाले की वर निळसर ज्योत नाचायची. खालच्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड व्हायचा, तो वरच्या तापलेल्या थरातून जाताना कार्बन मोनॉक्साइड व्हायचा आणि वर हवा लागली की निळा जळायचा. म्हणजे घरोघरी थोडंफार वायूकरण चालूच होतं! संयंत्रात ऑक्सिजन मोजून-मापून, पूर्ण जळायला अपुरा देतात, जोडीला वाफ सोडतात. मिळतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन; हे मिश्रण म्हणजेच संश्लेषण वायू. सिगडीत मात्र कोळशाचा चुरा तसाच टाकला तर हवा कोंडायची, म्हणून बाया शेणात कालवून त्याचे गोळे थापायच्या. तिकडे उलट, पूड ऑक्सिजनच्या झोतातच आत फुंकतात. कण बारीक, म्हणून काही सेकंदांत काम होतं.

न विचारलेलं एक सांगतो. 'संश्लेषण वायू'चा पुढे कुणी 'संश्लेषित वायू' करेल, तो करू देऊ नका. संश्लेषित म्हणजे कृत्रिमरीत्या तयार केलेला. या वायूचं नाव तो कसा झाला यावरून नाही, त्यापासून पुढे काय जुळवायचं यावरून पडलंय: अमोनिया, मिथेनॉल, १९२०च्या दशकात जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं तसं इंधन तेलसुद्धा. आपल्या बल्लारशाच्या पुढे, रामगुंडमच्या खत कारखान्यात १९८०पासून काही वर्षं कोळशाच्या पुडीपासून असाच वायू काढून अमोनिया आणि पुढे युरिया करत. तिथे वायू हा कच्चा माल होता, पक्का नव्हे. 'संश्लेषित' म्हटलं की तो पक्का वाटायला लागतो.