आधी माप, मग सुई

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. या दिवाळीला बाजारातून काही न घेता आज्जी, आई, बाबा, अक्का आणि अक्काचं बाळ, सगळ्यांना हातानं केलेलं काहीतरी न्यायचं असं तू ठरवलंस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझी अक्का माझ्याकडेच शिवण शिकली. तिच्यामुळं तुमचं घर मला आतबाहेर माहीत आहे, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

पहिलं सांगणं हे की पाच वस्तू नकोत. दिवसभर तू बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर उभा असतोस, खोलीवर आल्यावर चूल तुझी तुलाच पेटवायची असते. उरलेल्या वेळात पाच जणांचं करायला गेलास तर शेवटच्या आठवड्यात घाई होईल, आणि घाईचा टाका लगेच ओळखू येतो. दिवाळीला दोनच मोठ्या वस्तू कर. अक्काच्या बाळाची वाकळ, म्हणजे गोधडी, आणि आज्जीची कप्प्यांची चंची. बाबांचं काम एका सुट्टीत होण्यासारखं आहे. आईचं संक्रांतीला ठेव. अक्काला वेगळं काही करू नकोस, तिच्या बाळासाठी केलंस की तिला पोचलं.

तू पाठवलेली यादी मी वाचली. रंगवलेली बाटली, काड्यांची फोटोची चौकट, कागदी फुलांची परडी. या वस्तू करायला छान आहेत, पण तुमच्या घरी त्या कपाटावर बसतील आणि पुढच्या दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावर जातील. खानापूर तालुक्यातला पाऊस तुला माहीत आहे. कागद आणि पुठ्ठा तिथं एका पावसाळ्यात बुरसतो. माझं ठाम मत आहे की घरच्यांना द्यायची वस्तू रोज हाताळली जाणारी असावी. त्यासाठी आधी माणसाकडं बघायला लागतं. पुढच्या रविवारी घरी जाशील तेव्हा आज्जीजवळ बस आणि ती कमरेला काय खोवते, दिवसातून त्यातून काय काय काढते, गाठ सोडताना तिची बोटं कशी चालतात, हे नीट बघ. बाबा रानात जाताना हातात काय नेतात तेही बघ. विचारू नकोस. विचारलंस तर ते ‘काही नको’ एवढंच म्हणणार.

आता वाकळीचं सांगते, कारण हे सगळ्यात मोठं काम आहे आणि मला सगळ्यात आवडतंही.

कापड विकत घ्यायचं नाही. आज्जीची जुनी सुती लुगडी ट्रंकेत असतील. तिच्याकडून मागून घे, न विचारता उचलू नकोस. कुठलं लुगडं फाडायचं ते तिनं ठरवावं. पुष्कळदा धुतलेलं सूत लहान बाळाच्या अंगाला नव्या कापडापेक्षा मऊ लागतं. लुगडं इरकल असेल तर अंग आणि पदर वेगळे कर. इरकलचा तांबडा पदर बहुतेक वेळा रेशमी असतो आणि अंग सुती. मागावर अंगाच्या उभ्या धाग्यांना पदराचे धागे फासे घालून जोडलेले असतात, तो जोड बोटाला लागतो. तिथं कातर. पदर आज्जीच्या चंचीला ठेव, वाकळीला फक्त अंग घे. आणि घेण्याआधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर घासून बघ. रंग सुटत असेल तर ते लुगडं बाळासाठी नको, कारण ही वाकळ रोजच धुवावी लागणार आहे.

कापड उजेडासमोर धर. जिथं विरलंय तिथून आरपार दिसेल. पूर्वी असं मधेच विरलेलं लुगडं कापून, विरलेला भाग काढून, बाकीचे दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. तू तेवढं करू नकोस. विरलेला भाग टाकून दे आणि काठाजवळचं घट्ट कापड घे. साधारण एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असे तीन थर पुरेत. वरचा, खालचा आणि मधला. कापूस भरू नकोस, सुकायला वेळ लागतो. टेरिकॉटचा तुकडा सुती थरांमध्ये अजिबात घालू नकोस. सूत आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि दोन धुण्यांत वाकळ सगळीकडून चुरगळल्यासारखी दिसते. कापण्याआधी तिन्ही थर गरम पाण्यातून काढून वाळव, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल.

खोलीतली फरशी स्वच्छ पुसून तिन्ही थर एकावर एक अंथर. तळहातानं मधून कडेकडे साफ करत ये, हवा राहिली की तिथं फुगा येतो. मग मोठ्या टाक्यांची कच्ची शिवण घाल, मधून चारही दिशांना. हे टाके शेवटी उसवायचे असतात, म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा घे. लोक इथंच कंटाळा करतात आणि मग थर सरकले म्हणून रडतात.

पक्का टाका म्हणजे साधा धावदोरा, याच्यापेक्षा वेगळं काही शिकायला नको. दोरा सुती घे, हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नकोस, नाहीतर गुंता होतो. त्याला एकदा मेण लाव. गाठ दोन थरांच्या मधे जाईल अशी सुई आतून काढ, म्हणजे बाळाच्या अंगाला गाठ टोचणार नाही. उजव्या हातात सुई, डावा हात वाकळीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की समजायचं, तिन्ही थर धरले गेले. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. पहिल्या ओळी वाकड्या येतील, येऊ देत, उसवू नकोस. उसवलेल्या जुन्या सुताला भोकं राहतात.

आपल्याकडं वाकळ म्हणतात, शेजारच्या कन्नड घरांत कौदी. खानापूर तालुक्यात आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूर भागात मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका जी कौदी शिवतात, ती कधी जवळून बघ. त्या काठापासून सुरुवात करून फेर धरत आत मध्याकडं येतात, आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची लहान फुलं बसवतात. फुलांशिवाय कौदी पुरी झाली असं त्यांच्याकडं मानत नाहीत. तूही काठाकडून आत ये. ओळी चौकोनात फिरत गेल्या की सरळ रेषेची काळजी राहत नाही, कडेला समांतर चालत राहायचं एवढंच. कोपऱ्यांना मात्र तू फुलं लावू नकोस. बाळ सगळं तोंडात घालण्याच्या वयात येतंय, सैल तुकडा, मणी, टिकली, जरीचा धागा, काहीही नको. आणि अक्काला सांग, ही बाळाच्या अंगाखाली घालायची वाकळ आहे, तोंडावरून पांघरायची नाही.

आता चंची. तुझ्या पिढीनं चंची फारशी पाहिलेली नसेल. पान, सुपारी, चुन्याची डबी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची, घडी करून नाडीनं बांधायची कापडी पिशवी. आज्जीनं पान सोडलं असेल तरी तिला कप्पे लागतातच. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, चष्मा, सुट्टे पैसे, आधार कार्डाची प्रत, हे सगळं ती आता एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला लावत असेल. आधी या वस्तू पट्टीनं मोज. गोळ्यांच्या पट्टीपेक्षा कप्पा एक बोट जास्त रुंद हवा, नाहीतर म्हाताऱ्या बोटांना ती निघत नाही.

कापडाची लांब पट्टी घे. बाहेरून इरकलचा पदर किंवा गुळेदगुड्डचा खण, आतून जुनं सुती. खणाच्या कडा सुटतात, म्हणून दोन्ही कापडांची उलटी बाजू बाहेर ठेवून तीन बाजू शिव आणि मग उलटव, कडा आत जातात. चौथी बाजू आत मुडपून हातानं शिव. मग पट्टीचा खालचा भाग वर दुमड आणि उभ्या शिवणी मारून कप्पे पाड. उरलेला भाग वर झाकणासारखा येतो. गुंडाळून बांधायला नाडी लाव, पण गाठ बारीक नको. आज्जीच्या बोटांच्या पेरांना सूज असते ना? मग एका टोकाला मोठा कापडी फास आणि दुसऱ्या टोकाला लाकडी बटण लाव. बटण तिच्या अंगठ्याच्या नखाहून मोठं असू दे.

बाबांसाठी पाण्याच्या बाटलीचं कव्हर. रोपलावणीला किंवा कापणीला माणूस रानात दिवसभर राहतो आणि बांधावरची बाटली उन्हात तापते. जाड सुती कापडाचे दोन थर आणि बाहेरून गोणपाट, खांद्याला अडकवायला रुंद पट्टा. सकाळी ते कव्हर पाण्यात बुडवून घ्यायचं. ओलावा वाळताना आतलं पाणी गार ठेवतो. बाटली साध्या एकेरी स्टीलची असेल तर फरक जास्त जाणवतो. बाबांची बाटली मोजायची राहिली तर त्यांच्याच बाटलीला नवं झाकण लागतंय का, खुरप्याचा दांडा हलतोय का, तेवढं नीट करून दे. दुरुस्ती हीसुद्धा भेटच आहे, आणि बाबा ती कुणाला बोलून दाखवणार नाहीत, पण वापरतील.

कोल्हापुरी चप्पल स्वतः करून बाबांना द्यावी असं तू लिहिलंस, त्याबद्दल एवढंच. तिला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातच केलेल्या चपलेला लावता येतं, आणि त्यात महाराष्ट्रातल्या ४ जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले ४ जिल्हेही आहेत. आपला बेळगाव त्यातलाच एक. निपाणी, अथणीकडं ही कला हातात घेऊन जगणारी घरं आहेत. चामडं कमावणं, तळ शिवणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. चप्पल त्यांच्याकडूनच घे, पूर्ण दाम देऊन. मातीच्या पणत्यांचंही तेच. घरी वाळवलेली पणती भाजलेली नसते, पाणी लागलं की विरघळते. खानापुरात कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था आहे, मनापासून शिकायचं असेल तर सुट्टी काढून तिथं चौकशी कर.

आईसाठी संक्रांतीला ताटावरचा रुमाल. नैवेद्याचं ताट, हळदीकुंकवाचं ताट, वाणाचं ताट, तुझ्या आईच्या हातात सणाला कायम कुठलं ना कुठलं ताट असतं. त्यावर एका कोपऱ्यात कशिदा घाल. धारवाडकडची कसुती आपल्या भागातल्या बायका पिढ्यान् पिढ्या लुगड्यांवर काढत आल्या. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. तू फक्त गवंती शीक. तीत कापडावर आधी काही छापायचं नसतं, धागे मोजून चालायचं असतं. म्हणून खडेबाजारात जाऊन मॅटी कापड माग, त्याचे धागे डोळ्यांना मोजता येतात. चार धागे वर, चार धागे खाली असा धावदोरा घालत शेवटपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत येताना सुटलेल्या जागा भरत यायचं. रेघ दोन्हीकडून अखंड दिसली पाहिजे. गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक टाक्यांखालीच दडवायचं. काम संपल्यावर रुमाल उलटा करून बघ. उलटी बाजू सुलटीसारखीच दिसली तर टाका बसला. पहिल्यांदा तुळशीवृंदावन काढ, ते सरळ रेघांचं असतं. मोर आणि हत्ती पुढं बघू. यासाठीच आईचं काम संक्रांतीला ठेवायला सांगितलं, मोजायला हात बसायला वेळ लागतो.

अक्काच्या बाळाचं बोरन्हाण त्याच सुमारास असेल आणि तुला हलव्याचे दागिने करायची हौस येईल. दागिने कर, हलवा मात्र विकतचा आण. तिळावर पाक चमचा चमचा घालत, मंद आचेवर बोटांनी हलवत काटा आणायचा हे कामानं थकलेल्या माणसाचं काम नव्हे, आणि हवेत दमटपणा असला तर काटा येतच नाही. काळ्या कापडावर हलवा टाचून वाकी आणि मुकुट तू सहज करशील. मामानं केलेलं आहे हे अक्का सगळ्या गल्लीला सांगेल.

तुझ्या खोलीतले मित्र हसतील अशी भीती तू पत्राच्या शेवटी लिहिलीस. बेळगावात कपडे शिवायची कितीतरी दुकानं पुरुषच चालवतात, आणि शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवर पुरुष बसतातच. सूत आणि सुई कुणाची मक्तेदारी नाही. दोनतीन रात्री तुला टाके घालताना बघितल्यावर त्यातला एकजण तुझ्याकडं आपल्या शर्टाचं बटण घेऊन येईल. लावून दे, हातालाही सराव होईल.

वस्तू देताना वर चकचकीत कागद गुंडाळू नकोस. वाकळ धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून दे. चंचीत आज्जीच्या आठवड्याच्या गोळ्या आधीच भरून ठेव.

गावी जाताना खानापूरला उतर, माझं घर बसस्टँडपासून लांब नाही. कच्ची शिवण झाली की वाकळ घेऊन ये. काठाच्या पहिल्या दोन फेऱ्या माझ्यासमोर घाल, टाका कुठं सैल सुटतोय ते मी दाखवते. येताना आज्जीची गोळ्यांची पट्टी आणि चष्म्याचं घर यांची मापं कागदावर लिहून आण, बाबांच्या बाटलीचा घेरही आण. माझ्याकडं लाकडी बटणांचा डबा आहे, त्यातून आज्जीसाठी एक निवडू.

तुझी,
शिवणाच्या बाई