वर्डमध्ये मधेच एक आकृती घातली की पुढचे सगळे क्रमांक हाताने बदलावे लागतात. काही उपाय?

क्रमांक हाताने टाइप करणं आधी बंद करा. चित्रावर राइट क्लिक करून 'इन्सर्ट कॅप्शन' निवडा. 'न्यू लेबल'मध्ये एकदा 'आकृती' आणि एकदा 'तक्ता' असं लिहून ठेवलं की दोन्हींचे क्रमांक वेगवेगळे चालतात.

खरी गोम मजकुरातल्या उल्लेखात आहे. 'आकृती ४ पाहा' हे हाताने लिहिलंत तर कॅप्शनचा काही उपयोग नाही. तिथे 'रेफरन्सेस' टॅबमधून 'क्रॉस-रेफरन्स' घाला आणि 'ओन्ली लेबल अँड नंबर' निवडा. आकृत्या पुढेमागे केल्या की कंट्रोल+ए दाबून सगळा मजकूर निवडा, मग एफ९ दाबून क्रमांक ताजे करा. (काही लॅपटॉपवर एफएन पण दाबावं लागतं.) हे विसरलात तर जुनेच क्रमांक छापले जातात, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रतीत तेच झालं होतं.

चित्र शक्यतो 'इन लाइन विथ टेक्स्ट', म्हणजे मजकुराच्या ओळीतच ठेवा. तरंगत्या चित्राची कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये जाते आणि कंट्रोल+ए तिथवर पोचत नाही. 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' दिसलं तर ती कॅप्शन बहुधा उडाली आहे. उल्लेख नव्याने घाला. आकृत्यांची यादी मग 'इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स'ने आयती मिळते.