चीनशी करार: पारावरचं मत आणि पाठीवरचा पंप

प्रश्न: चीनशी मुक्त व्यापार कराराचा विषय निघाला की आमच्या पारावर सगळे एका सुरात 'नको' म्हणतात. त्याच माणसांच्या पाठीवर चिनी मोटरचा फवारणी पंप असतो. मग लोकांचं खरं मत धरायचं कोणतं?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर: दोन्ही धरा, भाऊ. पंप घेताना तो गिऱ्हाईक असतो, कापूस विकताना विक्रेता.

मी जिनिंगवर काट्याच्या पावत्या फाडायचो तेव्हाची गोष्ट. 2011-12 च्या हंगामात आपल्या गाठींचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीनच होता. तिथलं सरकार साठा करत होतं. 5 मार्च 2012 ला दिल्लीने एकाएकी निर्यात बंद केली. फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या, आणि आत शेठ भावाचं नावच काढेनात. एक आबा माझ्यावरच तडकले, "आमना माल शे, चीनले इकू द्या ना भो!" थोड्याच दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली. तेव्हा पारावर चीन कुणाला नको नव्हता.

पुढे 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारताने 'आरसेप' या आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार करारातून अंग काढून घेतलं, तेव्हा हीच मंडळी खूश. त्या करारात चीन होता तसा न्यूझीलंडही होता, आणि दूधवाल्यांना धास्ती होती ती तिथल्या भुकटीची. पण आपल्याकडे चर्चा सगळी चीनच्या नावाने झाली, कारण चिनी माल डोळ्यांना दिसतो.

त्या न्यूझीलंडचंही ऐका. 2008 मध्ये चीनशी असा करार करणारा तो पहिला विकसित देश. तिथल्या दूधवाल्यांना मोठी बाजारपेठ मिळाली, तरी संसदेत ग्रीन पक्षासह काहींनी विरोधात मत दिलंच.

आणि करार नाही म्हणजे माल अडला, असं पारावर कुणी म्हणालं तर त्याला आकडा सांगा. कसलाही मुक्त करार नसताना 2024-25 मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट, म्हणजे निर्यातीपेक्षा जास्तीची आयात, 99 अब्ज डॉलरच्या घरात गेली. पंप स्वस्त मिळाला म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. कापसाचा भाव पडला की रास्ता रोको होतो. वर्तमानपत्रात येतं ते या विक्रेत्याचंच मत, गिऱ्हाइकाचं नाही. माझ्या मते पाहणी करणारेही इथेच चकतात, नुसतं देशाचं नाव घेऊन विचारतात.

तुम्ही पारावर चीनचं नाव काढूच नका. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं, ते बरोबर होतं का, एवढंच विचारा. शेतकरी एक सांगेल, सूतगिरणीत कामाला जाणारा त्याचाच भाऊ दुसरं. मग दोघांपैकी कुणाकडे कापूस किती आहे, तेही विचारून घ्या.