आधी अंतरा लिही

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला. एमएस्सी सोडू का, पुण्याची रूम सोडून मुंबईला जाऊ का, गाण्याच्या हक्कांसाठी कंपनीनं पाठवलेल्या ॲग्रीमेंटवर सही करू का, घरी काय सांगू, सगळं आहे त्यात, फक्त गाणं नाहीये. म्हणजे तो एसटी स्टँडवरच्या पावसाचा मुखडा आहे, जो रीलवर एवढा चालला. पण पुढचं काय विचारलं तर म्हणे "ते बघू नंतर, काका". तिथं माझं डोकं फिरलं.

मुखडा चांगला आहे हे तुला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. तुझ्या फोनमध्ये असे ढीगभर मुखडे पडलेत आणि एकालाही धड दुसरं कडवं नाही. अंतरा लिही. बाकी सगळ्या प्रश्नांना माझं सध्या हेच उत्तर आहे, चिडलीस तरी.

लोकांना आता तेवढंच लागतं असं तू म्हणतेस. अगं, ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तरी त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले म्युझिकचे तुकडे सगळं बसवलंच ना लोकांनी. आणि १९५५-५६ साली गदिमा आणि बाबूजी पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणातलं एक नवं गीत देत होते, वर्षभराहून थोडं जास्तच, ५६ गीतं, नुसती धृपदं नाहीत, भरपूर कडवी असलेली. शुक्रवार आला की गीत तयार पाहिजे, "नंतर बघू" म्हणायची सोयच नव्हती. आणि हे रील्स आपल्याकडे आले कधी, तर जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी आली त्याच्या पाठोपाठ, तेव्हा होते पंधरा सेकंदांचे, मग वाढवत वाढवत नेले. माप त्यांचं, ते बदलत राहणार. तू प्रत्येक वेळी त्यांच्या मापाचं झबलं शिवत बसणार का?

आता कामाचं. तू गिटारवर कॅपोचा चिमटा दुसऱ्या फ्रेटवर लावून जी, ई मायनर, सी, डी फिरवतेस आणि तुझी चाल सा ते प मध्येच घुटमळते. मुखड्याला ठीक आहे, पण अंतऱ्यालाही तेच चार कॉर्ड ठेवलेस तर गाणं उठणारच नाही, आणि मला वाटतं तुझा अंतरा अडतोय तो शब्दांमुळे नाही, यामुळे अडतोय. सी वर सुरू कर. क्रॉस लाइन, म्हणजे मुखड्याकडे परत नेणारी ओळ, येईपर्यंत जी ला हात लावू नकोस. आवाज पंचमापासून उचल, एकदा तार सा ला जाऊन ये (तुझा लागतो, उगाच घाबरतेस), डी वर थांब आणि मग मुखड्याला सोड. तोच मुखडा वेगळा ऐकू येईल बघ.

आणि शब्द. मुखड्यात पाऊस आहे, गाडी लागलेली नाही, बरं, पण उभं कोण आहे तिथं? बोलता बोलता तू सांगून गेलीस की तू कॉलेजला असताना आई सकाळच्या गाडीनं डबा पाठवायची, झाकणावर ऑइल पेंटनं तुझं नाव आणि गावाचं नाव, आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत कंडक्टरच्या सीटखाली ठेवायला तू पळत जायचीस. एवढं सगळं तू ॲग्रीमेंटच्या कलमांच्या मध्ये सांगितलंस आणि पुढे गेलीस! अगं तो अंतरा आहे. अख्ख्या महाराष्ट्रातली हॉस्टेलची पोरं त्या डब्यावर जेवलीत. तू मात्र "मन हे बावरे" टाइप ओळी शोधत बसलीयस.

ॲग्रीमेंट वाचलं. सगळे हक्क, सगळं जग, कायमसाठी, चाळीस हजार. कॉपीराइटचा कायदा थोडा माहिती करून घे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून तर त्यांनी दोन्ही ठासून लिहिलंय. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेता येत नाही, घेतला तरी ते कलम रद्दबातल. आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, मेंबर हो, तो वाटा त्यांच्यामार्फत येतो. आणि हा हक्क तू आहेस तोवर आणि तुझ्यानंतर ६० वर्षं, म्हणजे तुझ्या नातवंडांपर्यंतचं बोलतोय मी. आता खरी गोम बघ. त्यांच्या कागदात एक ओळ आहे, 'आवश्यकतेनुसार अन्य गीतकाराकडून रचना पूर्ण करून घेण्याचा अधिकार'. म्हणजे अंतरे दुसराच कोणी लिहिणार आणि गीतकार म्हणून तो तुझ्या शेजारी बसणार. वाटा अर्धा, नाव अर्धं. अंतरा तुझा असेल तर ही ओळ आपोआप निकामी होते की नाही?

हे मला कसं माहिती विचारशील. माझ्या चालीचं हेच झालं होतं, कॅसेटच्या जमान्यात. एका निर्मात्यानं स्टुडिओत मुखडा ऐकला, "वा" म्हणाला, बाकीचं दुसऱ्याकडून करून घेतलं आणि कॅसेटच्या इन्लेवर, म्हणजे डबीतल्या छापील कागदावर, माझं नाव आलं 'संगीत साहाय्य' मध्ये, ते पण चुकीच्या आडनावानं. लोक म्हणतात भांडायला हवं होतंस. कशाच्या जोरावर? त्या वेळी हातात पूर्ण गाणं नव्हतं, कायदा असा नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्टुडिओत मला की-बोर्ड वाजवायचा होता, घर त्यावर चालत होतं. पण त्यानंतर मी अर्धं गाणं कुणाला ऐकवलं नाही, आणि यावरून घरात-बाहेर खूप बोलणी खाल्ली, हट्टी आहे, जगाबरोबर चालत नाही, ह्याची गाणी वहीतच राहणार. राहिली वहीत. पण प्रत्येक गाण्याला शेवट आहे आणि एकाही ओळीत दुसऱ्याचा हात नाही, आणि हे काही कमी नाहीये असं मला आजही वाटतं, तुला वाटो न वाटो.

तू तर माझ्यासारखी अडकलेली पण नाहीस, रेकॉर्डिंग खोलीत होतं, ॲप्सवर गाणी चढवून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमार्फत स्वतः टाकता येतं. पण तिथंही तेच. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजतात, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. तुझा मुखडा संपतो बाविसाव्या सेकंदाला. पुढे काय ऐकवणार, गिटार?

मुंबईचं, एमएस्सीचं नंतर बोलू. एमएस्सी पूर्ण करच, त्यात विचारण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. कंपनीला आज एवढाच मेल टाक की गाणं मीच पूर्ण करतेय, अन्य गीतकाराचं कलम काढा, मुदत पाच वर्षं करा, मग बोलू. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. आणि मला पुढचा व्हॉइस मेसेज पाठवशील त्यात प्रश्न नकोत, डब्याचा अंतरा गाऊन पाठव, बेसूर असला तरी चालेल, काकूपण ऐकायची वाट बघतेय.

तुझा,
काका