कॅमकॉर्डरने काढलेले फोटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे फुल एचडी कॅमकॉर्डर आहे. त्याने फोटोही काढता येतात आणि खोक्यावर फोटोसाठी मेगापिक्सेलचा मोठा आकडा छापलेला आहे. तरीही कास पठारावर चित्रीकरण चालू असतानाच बटण दाबून काढलेले फुलांचे फोटो छापून घेतले, तेव्हा ते पुसट आले. दोष यंत्रात आहे की माझ्या हाताळणीत? वेगळा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : यंत्रात बिघाड असण्याची शक्यता फार कमी आहे. चित्रीकरण चालू असताना फोटोचे बटण दाबले की बरेचसे कॅमकॉर्डर चालू चित्रफितीच्या आकाराएवढाच फोटो साठवतात. फुल एचडीची चौकट १९२० × १०८० पिक्सेलची, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेलची असते. खोक्यावरचा आकडा चित्रीकरण थांबवून फोटो मोडमध्ये गेल्यावरच लागू होतो, आणि तिथेही अनेकदा सेन्सरने (प्रकाश टिपणाऱ्या भागाने) प्रत्यक्ष टिपलेल्या पिक्सेलमध्ये हिशेबाने तयार केलेल्या पिक्सेलची भर घातलेली असते. अशा भरीमुळे फोटोचा आकार वाढतो, पण पाकळीवरचा तपशील वाढत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी माहितीपत्रकातला सेन्सरच्या प्रत्यक्ष पिक्सेलचा आकडा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्या फोटोंतील पुसटपणाचे मला अधिक संभवणारे कारण मात्र शटरचा वेग हे आहे. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी टिपल्या जातात आणि हालचाल सलग दिसावी म्हणून प्रत्येक चौकटीसाठी शटर साधारण १/५० सेकंद उघडे ठेवले जाते. चित्रफितीत हा वेग डोळ्यांना सुखावतो, पण पठारावरच्या वाऱ्यात डुलणाऱ्या तेरड्याचा स्थिर फोटो त्या वेगाने रेखीव येणे कठीण असते. फोटो मोडमध्ये जाऊन, सोय असल्यास, शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि वारा क्षणभर थांबेल तेव्हाच बटण दाबावे. नंतर चित्रफितीतून एखादी चौकट वेगळी काढण्याचा मार्ग आपण योजला असेल, तर त्यातही हीच अडचण येते. शिवाय चित्रीकरण ‘५० आय’ (इंटरलेस्ड) पद्धतीचे असल्यास एका चौकटीतील सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असल्याने हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात.

सीतेची आसवं किंवा गेंद यांसारख्या लहान फुलांसाठी अंतराचाही विचार करावा लागतो. झूम पूर्ण वाढवल्यावर बहुतेक कॅमकॉर्डर अगदी जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाहीत. झूम पूर्ण कमी केल्यास मात्र फुलाच्या पुष्कळ जवळ जाता येते. आपल्या यंत्रात ‘टेली मॅक्रो’ (झूम वाढवूनही जवळच्या वस्तूवर फोकस करण्याची सोय) असेल, तर ते जरूर वापरावे, कारण त्यामुळे पायवाट न सोडता आणि एकाही रोपावर पाय न देता दूरचे फूल चौकटीत भरता येते. लांब पल्ल्याचा ऑप्टिकल (भिंगांनी होणारा) झूम ही कॅमकॉर्डरची खरी ताकद आहे. टिपलेले चित्रच नुसते ताणून मोठे करणारा डिजिटल झूम मात्र बंदच ठेवावा.

वेगळ्या कॅमेऱ्याबाबत सांगायचे, तर चार बाय सहा इंची फोटोंसाठी त्याची गरज नाही. दोन मेगापिक्सेलच्या फोटोच्या दोन्ही बाजू त्या मापासाठी कापल्यावरही इंचाला सुमारे २७० पिक्सेल उरतात. तोच फोटो आठ बाय बारा इंचांवर छापला, तर इंचाला १३५ पिक्सेलच उरतात आणि तपशील विरळ दिसू लागतो. भिंतीवर लावण्याजोगे फोटो हवे असतील किंवा घरातल्या मंद प्रकाशात फोटो काढायचे असतील, तर वेगळा कॅमेरा घेणे योग्य ठरेल, कारण डीएसएलआरच्या (भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या) ‘एपीएस-सी’ मापाच्या सेन्सरचे क्षेत्रफळ कॅमकॉर्डरमधील पाव इंची सेन्सरच्या तीस पटींहून अधिक असते आणि तेवढा जास्त प्रकाश त्याला मिळू शकतो.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या तीन तासांच्या प्रयोगाचे चित्रीकरण आणि फोटो एकाच कॅमकॉर्डरवर करायचे आहेत. कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पहिला मराठी नाट्यप्रयोग ज्या गावी १८४३ मध्ये झाला, तिथल्या मंडळाला आपल्या प्रयोगाची नीट नोंद ठेवावीशी वाटते, याचा मनापासून आनंद झाला. फोटो शक्यतो रंगीत तालमीत, पूर्ण वेशभूषेत आणि प्रयोगाचीच प्रकाशयोजना लावून काढावेत. प्रयोगाच्या वेळी दर फोटोसाठी बटण दाबताना स्टँडवरचे यंत्र हलते आणि तो धक्का चित्रफितीत कायमचा राहतो.

काळ्या पडद्यामुळे स्वयंचलित प्रकाशमापन चुकते आणि चेहरे पांढरे पडतात, म्हणून रंगमंचावरच्या झगझगीत प्रकाशासाठी असलेला ‘स्पॉटलाइट’ मोड निवडावा किंवा प्रकाश हाताने कमी करावा. कार्डाचा हिशेबही आधीच करावा. एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरमधील चित्रफीत साठवण्याच्या पद्धतीच्या सेकंदाला २४ मेगाबिट दर्जात तासाला जवळजवळ ११ जीबी लागतात, त्यामुळे तीन तासांना ३२ जीबीचे एक कार्ड अपुरे पडू शकते. जुने यंत्र केवळ एसडीएचसी (३२ जीबीपर्यंतची) कार्डे स्वीकारत असेल, तर त्याहून मोठे कार्ड चालणार नाही. दोन कार्डे जवळ ठेवून मध्यंतरात बदलावीत. फोटो आणि चित्रफीत कुठे साठवायची, याची निवड अनेक यंत्रांत स्वतंत्र असते, तेव्हा दोन्ही तपासून घ्याव्यात. संगणकावर उतरवताना सुटे तुकडे न उचलता कार्डावरील सर्व फोल्डर जसेच्या तसे घ्यावेत, कारण लांब चित्रीकरणाचे यंत्राने अनेक तुकडे केलेले असतात आणि ते सलग जोडण्यासाठी लागणारी माहिती शेजारच्या फाइलींत असते.